सगळ्यांना सोसवेल अशी उपासना

चर्चच्या दारावर ‘सर्वांचं स्वागत आहे’ असं लिहिलेलं असतं. व्हीलचेअरसाठी रॅम्प केला, पायऱ्यांना कठडा बसवला, ठळक अक्षरांची गीतपुस्तकं ठेवली, की ते वाक्य खरं झालं असं मंडळीला वाटू लागतं. पण पायऱ्या सहज चढून आत येणारा आणि दुसरं गीत संपायच्या आत कानांवर हात दाबून बाहेर पडणारा माणूस या हिशेबात कुठेच नसतो. अमेरिकेतल्या मुलांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठलाही दीर्घकालीन आजार नसलेल्या मुलांच्या तुलनेत ऑटिझम असलेली मुलं उपासनेला कधीच न जाण्याची शक्यता त्यात जवळजवळ दुप्पट निघाली. दमा, मधुमेह किंवा दृष्टिदोष असलेल्या मुलांमध्ये असा फरक दिसला नाही. शरीराची अडचण मंडळीला ओळखता येते. मेंदू भोवतालचं जग कसं टिपतो यातली अडचण मात्र तिला वागणुकीतला दोष वाटते, आणि सगळं घोडं अडतं ते इथेच.

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्या जोडीला आपल्याला तोलाचीही संवेदना असते, स्नायू-सांधे कुठे आहेत याची असते, भूक-तहान-धडधड अशा शरीराच्या आतल्या हालचालींचीही असते. या सगळ्यांकडून येणारी माहिती मेंदू निवडतो, जुळवतो, नको ती बाजूला सारतो. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९६० आणि ७० च्या दशकांत ही जुळणी बिघडते तेव्हा काय होतं याच्या अभ्यासाचा पाया घातला. २०१३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या लक्षणांमध्ये आलं. पण ही अडचण फक्त ऑटिझममध्येच असते असं नाही. एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण), मायग्रेन, डोक्याला झालेली इजा, मोठ्या आघातानंतर मागे राहिलेला ताण, स्मृतिभ्रंश, इतकंच काय, श्रवणयंत्र वापरणारे वृद्धसुद्धा यात येतात. एकाला पंख्याची घरघर असह्य होते, तर दुसऱ्याला हाक मारलेली कळतही नाही. तिसरा सतत हलत राहिला तरच त्याचं लक्ष लागतं. अनेकदा हे तिन्ही एकाच माणसात, वेगवेगळ्या इंद्रियांबाबत दिसतं. त्यामुळे ‘आवाज कमी करा’ एवढ्या एका सूचनेवर काम भागत नाही.

या बाबतीत अलीकडे एक ठरावीक उत्तर दिलं जातं: महिन्यातून एकदा वेगळी, शांत, मंद दिव्यांची उपासना भरवायची. त्यामागच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण माझ्या मते ते उत्तर अपुरं आहे. कुटुंबातल्या एकासाठी सगळं घर मंडळीपासून तुटतं, किंवा घराचे दोन भाग होतात, आणि बाकीच्या तीन-चार रविवारी जे होतं ते तसंच चालू राहतं. वेगळी उपासना ही आत येण्याची पहिली पायरी म्हणून चांगली, पण कोणाचा कायमचा मुक्काम तिथे नको. बदलायची आहे ती रविवारची नेहमीची उपासना, आणि तिच्यातही सर्वांत आधी बदलायचं आहे ते तिच्यातलं अचानकपण.

ठरलेला क्रम ही चर्चजवळची फार मोठी ठेव आहे. प्रवेशगीत, पापकबुली, वचनांचं वाचन, उपदेश, विश्वासांगीकार, अर्पण, प्रभुभोजन, आशीर्वाद, असा क्रम आठवड्यामागून आठवडे तोच राहतो. पुढे काय येणार हे माहीत असलं की मेंदू त्यासाठी तयार होतो आणि तोच आवाज, तोच स्पर्श सोसण्याजोगा होतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी शाळा आणि दवाखाने खास तक्ते तयार करतात ती उपासनाविधीत आयतीच आहे. घात होतो तो न सांगता केलेल्या बदलांनी. वाढदिवस असलेल्यांना अचानक पुढे बोलावलं जातं, ‘शेजाऱ्याकडे वळून अमुक म्हणा’ असं सांगितलं जातं, चित्रफितीसाठी एकदम दिवे घालवले जातात, पाहुणा वाद्यवृंद येतो, कोणी विश्वासाचा अनुभव सांगितल्यावर टाळ्यांचा कडकडाट होतो. यातलं काहीच वाईट नाही. वाईट एवढंच, की ते कोणालाच आधी कळलेलं नसतं.

म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे एक पानी क्रमपत्रिका. ती शुक्रवारपर्यंत मंडळीच्या संदेशगटावर आणि संकेतस्थळावर गेली पाहिजे. तिच्यात उपासना किती वाजता सुरू होऊन साधारण किती वाजता संपेल, कोणता भाग किती मिनिटांचा, कुठे मोठा आवाज होईल, कुठे घंटा वाजेल, कुठे उभं राहायचं, कुठे स्पर्श अपेक्षित आहे, कुठे दिवे मंद होतील, हे छोट्या चित्रखुणांनी दाखवावं. जोडीला एक कायमची चित्रपुस्तिका हवी. तिच्यात दार, आतली बाकं, वेदी, स्वच्छतागृह, शांत खोली आणि पाळकांचा झग्यातला व साध्या कपड्यांतला असे दोन फोटो असावेत. पहिल्यांदा येणाऱ्याला आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये फिरू द्यावं, बाकावर बसून बघू द्यावं. फक्त रिकामी इमारत जास्त घुमते, त्यामुळे रविवारी आवाज वेगळा लागेल, हेही त्याच वेळी सांगून टाकावं. पत्रिकेच्या बाबतीत एक चूक हमखास होते: ती उत्साहाने एकदा बनते आणि मग कोणी बदलत नाही. चुकीची पत्रिका ही पत्रिका नसण्याहून वाईट, कारण तिच्यावर विसंबून आलेल्या माणसाचा विश्वासच उडतो. हे काम समितीचं नको, एका व्यक्तीचं हवं, आणि ती नसेल तेव्हा कोण करणार हेही ठरलेलं हवं.

आता आवाजाकडे वळू. इथे उपाय सर्वांत जास्त चुकतात. उंच छत, दगडी भिंती, फरशी आणि लाकडी बाकं यांतलं काहीच आवाज फारसा शोषत नाही. बोललेलं स्पष्ट कळायला घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज विरून जायला लागणारा वेळ, साधारण एक सेकंद असावा लागतो. ऑर्गन आणि समूहगायनाला दोन सेकंद किंवा त्याहून जास्त शोभतात, आणि मोठ्या दगडी कॅथीड्रलांत तो पाच सेकंदांच्याही पुढे जातो. अशा ठिकाणी मागचा शब्द विरायच्या आत पुढचा त्यावर येऊन आदळतो. ‘मागे ऐकू येत नाही’ अशी तक्रार आली की ध्वनियंत्रणा सांभाळणारा आवाज वाढवतो. पण त्याबरोबर घुमणंही तेवढंच वाढतं. स्पष्टता होती तिथेच राहते, वाढतो फक्त त्रास. आवाज दहा डेसिबलने वाढला की तो कानाला साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात ठेवलं की बटण फिरवताना हात आपोआप आखडतो.

खरा उपाय उलटा आहे. दोन मोठे स्पीकर पुढे लावून सगळ्या सभागृहावर मारा करण्याऐवजी छोटे, जास्त संख्येने, माणसांच्या जवळ आणि भिंतींकडे नव्हे तर बाकांकडे तोंड केलेले स्पीकर लावावेत. प्रत्येकाचा आवाज कमी ठेवावा आणि मागच्या स्पीकरांना योग्य तेवढा विलंब द्यावा, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज कानावर एकदमच पडतो. दुसरं काम म्हणजे शोषण. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नसे, तेव्हा १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं हे मोजलं. वास्तुध्वनिशास्त्राचं पहिलं सूत्र त्यातून आलं. चर्चलाही तेच लागू आहे: बाकांवर गाद्या, मधल्या वाटेवर जाजम, मागच्या भिंतीवर जाड पडदा. लोक स्वतःही आवाज शोषतात, म्हणून शनिवारी रिकाम्या सभागृहात ठरवलेली पातळी रविवारी गर्दीत वेगळी लागते, आणि तुरळक उपस्थितीच्या संध्याकाळच्या उपासनेला तर पुन्हा तपासावी लागते.

सरासरी आवाजापेक्षा अचानक उसळणारा आवाज जास्त छळतो: माईकची शिट्टी, चालू करतानाचा ठोका, ड्रमची पहिली थाप, पूर्ण जोरात सुरू झालेला ऑर्गन. शिट्टी होते कारण स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो. माईक नेहमी स्पीकरच्या मागच्या बाजूला असावा, बोलणाऱ्याने तो ओठांपासून चार-सहा बोटांवर धरावा म्हणजे यंत्रावर त्याचा आवाज फार वाढवावा लागत नाही, आणि हातात घेऊन फिरायचा माईक स्पीकरसमोर जाणार असेल तर आधीच बंद करावा. माईक चालू आहे का हे टिचकी मारून किंवा फुंकून बघण्याची सवय मोडलीच पाहिजे. यंत्रावर आवाजाची पट्टी खाली ठेवून तो आधी चालू करायचा आणि पट्टी हळूहळू वर न्यायची. वादकांनी पहिल्या दोन ओळी हळू वाजवून मग आवाज चढवला तर गाण्याचा जोश जराही कमी होत नाही आणि ज्याला कानांवर संरक्षक चढवायचा आहे त्याला वेळ मिळतो. ड्रमसाठी काड्यांच्या जुडीसारख्या स्टिक वापरता येतात किंवा पारदर्शक आडोसा उभा करता येतो.

मोजायला फोनमधलं ध्वनिमापक ॲप पुरतं. बसलेल्या मुलाच्या कानाच्या उंचीवर फोन धरून दर तिसऱ्या-चौथ्या बाकावर नोंद घ्यावी. फोनचा आकडा काही डेसिबलने चुकू शकतो. म्हणून एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा कोणती जागा कोणत्या जागेपेक्षा शांत आहे हे पाहावं आणि त्यावरून शांत बाकांचा नकाशा काढावा. बोलणं पासष्ट-सत्तर डेसिबलच्या आसपास आणि गाणं ऐंशीच्या फार वर न जाणारं, ही माझ्या मते वाजवी मर्यादा आहे. ज्येष्ठांना ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवायचा असेल तर त्यासाठी इंडक्शन लूप आहे. सभागृहाभोवती तारेचं वेटोळं घातलं की टेलिकॉइल (लूपचा संकेत टिपणारा छोटा भाग) असलेल्या श्रवणयंत्रात माईकचा आवाज थेट पोचतो, बाकीच्यांसाठी एक डेसिबलही न वाढवता. स्वच्छतागृहातली हात वाळवायची यंत्रं तर काढूनच टाकावीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका शाळकरी मुलीच्या मोजणीत, मुलांच्या कानांच्या उंचीवर, त्यातल्या काही यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेला होता. कागदी रुमाल ठेवले की प्रश्न मिटला.

दाराशी ठेवलेल्या टोपलीत कानांचे संरक्षक असावेत, वापरानंतर पुसलेले, लहान आणि मोठ्या दोन्ही मापांचे. चांगला संरक्षक वीस ते तीस डेसिबल कमी करतो. पण तो उपदेशही तेवढाच कमी करतो, डोक्यावर दाब देतो, घाम आणतो. टोपली ठेवली म्हणून सभागृहाचा आवाज तसाच राहू दिला तर त्याचा अर्थ असा होतो, की त्रास आम्ही देणार आणि बंदोबस्त तुम्ही करायचा.

दिव्यांचं काम त्यामानाने सोपं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट विजेच्या ५० हर्ट्झ प्रवाहावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. बहुतेकांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्यानेच ठणकतं. इलेक्ट्रॉनिक चोक हा वेग वीस हजारांच्या वर नेतो आणि त्रास संपतो. स्वस्त एलईडी दिवे आणि डिमर मात्र पुन्हा तीच लुकलुक आणतात. फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यात दिव्यांवर काळे पट्टे किंवा थरथर दिसली तर दिवा बदलावा, आणि मरायला टेकलेली, फडफडणारी ट्यूब त्याच दिवशी काढावी. सेकंदाला तीन ते तीस वेळा होणारा झगमगाट अपस्माराचा झटका आणू शकतो, म्हणून युवा उपासनेतले भराभर लुकलुकणारे स्ट्रोब दिवे वर्ज्यच. पडद्यावर गीतांच्या मागे वाहते ढग आणि लाटा नकोत. स्थिर, फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर गडद अक्षरं पुरेशी आहेत.

वासाबद्दल फारसा कोणी विचार करत नाही, आणि वास तर बाहेर ढकलताही येत नाही. धूप जळून संपल्यावरही कापडात राहतो. धूपविधी कधी आहे हे क्रमपत्रिकेत असावं, निखाऱ्यावर धूप कमी टाकावा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मिरवणूक संपली की धूपदाणी बाहेर न्यावी. फरशीचं तीव्र वासाचं औषध आणि लाकडाचं पॉलिश शनिवारी संध्याकाळी नव्हे, गुरुवारी लावावं. आणखी एक बारकावा: सॅनिटायझर लावून लगेच ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रभुभोजनातली भाकरी, वाटलं तर त्याचा वास आणि चव पातळ भाकरीला लागते. ज्या मुलाने आठवडेच्या आठवडे ती चव सोसण्याची तयारी केली, त्याला त्या दिवशी भलतीच चव मिळते आणि तो थुंकतो. मग सगळे त्याच्याकडे बघतात. वास नसलेल्या साबणाने हात धुऊन, कोरडे करून वाटणं हा साधा उपाय आहे.

स्पर्शाच्या बाबतीत शांतीचिन्हाचा, म्हणजे एकमेकांना हात मिळवून शांती देण्याचा, क्षण सर्वांत कठीण. तोवर सगळे पुढे तोंड करून बसलेले असतात आणि एका वाक्यानिशी चारी बाजूंनी हात पुढे येतात, लोक जागा सोडून फिरतात, पाठीवर थाप पडते, सगळे एकदम बोलू लागतात. सोसून सोसून इथपर्यंत आलेला माणूस इथे कोसळतो. रोमन कॅथलिक नियमांत शांतीचिन्ह फक्त जवळच्यांना, संयमाने द्यावं असंच म्हटलं आहे. २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या उपासना विभागाने काढलेल्या परिपत्रकात तर दर वेळी यांत्रिकपणे त्याचं आवाहन करण्याची गरज नाही, परिस्थितीनुसार ते वगळताही येतं, असं स्पष्ट केलं. मी ते वगळा म्हणत नाही. फादर किंवा पाळकांनी स्वतः छातीवर हात ठेवून, किंचित मान लववून शांती द्यावी आणि ‘हात मिळवा किंवा असं करा, दोन्ही चालेल’ असं दर रविवारी म्हणावं. हात न मिळवणाऱ्यांसाठी रंगीत फीत वाटण्याची कल्पना काही ठिकाणी निघते. मला ती पटत नाही. मुभा सगळ्यांना दिली की कोणावर शिक्का मारावा लागत नाही.

संस्कारांमध्ये तर मुभा आधीपासूनच आहे, फक्त ती वापरली जात नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर ओली राख लावण्याऐवजी डोक्यावर कोरडी राख टाकण्याची प्रथा अनेक देशांत चालत आली आहे. बाप्तिस्म्याचं पाणी कोमट असू शकतं. घास गिळण्याची अडचण असेल तर ख्रिस्तशरीराचा अगदी लहान तुकडा पुरतो. कॅथलिक कायद्याच्या ९२५ व्या कलमानुसार गरज असेल तेव्हा फक्त द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन (प्रभुभोजन) देता येतं, कारण दोन्हींपैकी कोणत्याही एका रूपात ख्रिस्त पूर्ण असतो ही शिकवण कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्येच नक्की केली. अमेरिकेतल्या बिशपांनी अपंग व्यक्तींच्या संस्कारांविषयी १९९५ मध्ये काढलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे, की ख्रिस्तशरीर आणि साधं अन्न यांतला फरक मुलाला कळतो हे शब्दांतूनच दिसायला हवं असं नाही. खुणेतून, वागण्यातून, आदरयुक्त शांततेतूनही ते दिसतं. म्हणून ‘याला काही कळत नाही, याला कशाला प्रथम कम्युनियन’ हे उत्तर कोणाही पालकाला ऐकावं लागू नये. तयारीसाठी अभिमंत्रण न केलेल्या भाकऱ्या काही आठवडे घरी द्याव्यात: आधी बघणं, मग हातात धरणं, ओठांना लावणं, कण खाणं. या पायऱ्यांना घाई केली की मूल मागे जातं.

बसण्याच्या जागांमध्ये शेवटची दोन बाकं आणि कडेच्या जागा उपासना सुरू झाल्यानंतरही पंधरा मिनिटं राखून ठेवाव्यात, नाहीतर उशिरा येणारे नेमके तिथेच बसतात. पण सगळ्यांना मागेच पाठवू नये. काही मुलांना पुढे काय चाललंय ते दिसलं तर ती शांत राहतात. मागून त्यांना दिसतात त्या नुसत्या पाठी. ज्यांना हालचाल हवी असते त्यांना मागे उभं राहायला, येरझाऱ्या घालायला जागा असावी. आणि त्यांना काम द्यावं. स्नायूंवर ताण येणारं काम, म्हणजे गीतपुस्तकांचे गठ्ठे उचलून नेणं, खुर्च्या लावणं, जड दार धरून ठेवणं, अनेकांच्या मेंदूला शांत करतं. उपासनेच्या आधी खुर्च्या लावलेला मुलगा नंतर अनेकदा जास्त वेळ बसू शकतो, आणि शिवाय तो ‘सांभाळायचा मुलगा’ न राहता सेवक होतो. हा भाग कुठल्याही खरेदीपेक्षा मोलाचा आहे.

शांत खोली हवी, पण कशी, यावर सगळं अवलंबून. ती सभागृहालगत असावी, आतून उपासना दिसावी, आवाज येण्यासाठी छोटा स्पीकर असावा आणि त्याचं बटण आतल्या माणसाच्या हाती असावं. दिवा मंद, भिंती एकाच फिक्या रंगाच्या, जमिनीवर गादी, एक झुलती खुर्ची, बस्स. मांडीवर ठेवायची वजनदार उशी असेल तर ती वापरणाऱ्याला स्वतःच्या हाताने काढता आली पाहिजे. दाराला काच असावी, आत मुलाबरोबर एकच प्रौढ कधीही नसावा, दार आतून अडकू नये. अशा खोल्या काही महिन्यांतच बिघडतात. तिथे गायकांचे झगे टांगले जातात, नाताळच्या सजावटीची खोकी येतात, रडणाऱ्या बाळांना तिथेच पाठवलं जातं, देणगीत आलेली वाजणारी खेळणी जमा होतात. बाळांची खोली वेगळी ठेवावी. आणि मुख्य म्हणजे खोलीत जाणं हा बाहेर काढलं जाण्याचा प्रकार होऊ नये. परत येण्याचं निमंत्रण तिच्यातच असावं: कम्युनियनच्या वेळी सेवकाने तिथे जावं, आशीर्वादाआधी हलकेच सांगून यावं.

कोणाचा ताण अनावर झाला, मूल ओरडू लागलं, जमिनीवर पडलं, तर भोवती गर्दी करू नये. एकाच माणसाने जवळ जावं, पालकांना हळू आवाजात एवढंच विचारावं: ‘काय हवंय?’ लोकांना बाजूला करावं, जवळचा स्पीकर बंद करावा, मुलाला धरू नये, प्रश्नांचा मारा करू नये. कधी कधी प्रौढ माणूस ओरडत नाही, नुसता गोठल्यासारखा बसून राहतो. तोही तितकाच अडचणीत असतो. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अशा प्रसंगाला भूतबाधा समजून हात ठेवून, धरून, दाबून मोठ्याने प्रार्थना करणं थांबलंच पाहिजे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ऑटिझम असलेला आठ वर्षांचा मुलगा अशाच प्रार्थनेत, अंगावर दाब पडून, गुदमरून मेला. प्रेमाने केलेली प्रार्थनासुद्धा शरीराला धरून ठेवून करायची नसते, हे प्रत्येक पाळकाने आपल्या प्रार्थना-गटाला नावानिशी, समोरासमोर सांगायला हवं.

या सगळ्यावर आक्षेप येतात. पहिला, यामुळे उपासनेचं पावित्र्य कमी होईल. पण शांतता, संथपणा आणि मोजका स्पर्श या गोष्टी कुठल्या अर्थाने अपवित्र? जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याला परमेश्वर वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही, त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू बहिऱ्या माणसाला बरं करण्याआधी गर्दीतून बाजूला घेऊन जातो. दहाव्या अध्यायात आंधळ्या बार्तीमयाला आधी विचारतो, की तुझ्यासाठी मी काय करावं. आधी विचारणं आणि गर्दीपासून बाजूला नेणं, या दोन्हींचा धडा शुभवर्तमानातच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ज्यांची भक्ती टाळ्या, ढोल आणि मोठ्या गाण्यातूनच वाहते त्यांनी काय करायचं? त्यांचा आनंद खरा आहे आणि तो दाबून टाकणं हाही अन्यायच. म्हणून मी सगळी उपासना कुजबुजीत करा असं म्हणत नाही. मोठा आवाज ठरलेल्या वेळी यावा, ठरलेल्या वेळी संपावा, आणि तेवढा वेळ बाहेर थांबलेल्याला परत येताना कोणी मान वळवून बघू नये. इतपत तडजोड दोन्ही बाजूंना जमते.

तिसरा आक्षेप नेहमीचा: आमच्याकडे असं कोणीच नाही. नाही, कारण ते येईनासे झाले. विशेषतः प्रौढ माणसं एकटी येतात, काही न बोलता मागच्या मागे निघून जातात आणि त्यांचा कोणाला पत्ताही लागत नाही. मंडळीच्या नोंदवहीतून गेल्या दोन-तीन वर्षांत येणं बंद झालेल्यांची यादी काढावी आणि त्यांना फोन करून ‘पुन्हा या’ न म्हणता ‘काय अवघड जात होतं?’ असं विचारावं. उत्तरांतून जे कळेल ते कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. त्यांच्यातलंच कोणी तयार झालं तर त्यांना इमारतीतून फिरवून तपासणी करायला सांगावी, आणि वेळेचं मानधन द्यावं. कायद्याकडे बोट दाखवून हे टाळूही नये. अमेरिकेत तर १९९० च्या अपंगत्व कायद्यातून धार्मिक संस्थांना सूट आहे. म्हणजे तिथे बरेच रॅम्पसुद्धा त्या कायद्याच्या धाकाने नव्हे, मंडळीच्या इच्छेने उभे राहिले. इथेही तसंच करायचं आहे.

राहिले सण. वर्षभर जुळवून घेतलेलं कुटुंब नेमकं नाताळ आणि ईस्टरला येत नाही, कारण त्याच दिवशी क्रम मोडतो, गर्दी दुप्पट होते, दिवे घालवले जातात, घंटा वाजतात, अंगावर पाणी शिंपडलं जातं. कॅथलिक चर्चच्या ईस्टरच्या जागरणविधीत, म्हणजे आदल्या रात्रीच्या उपासनेत, तर नऊ वाचनं असतात. पण जुन्या करारातल्या सात वाचनांपैकी, गरज असेल तिथे, किमान तीन ठेवली तरी चालतात, फक्त निर्गम या पुस्तकातलं समुद्र ओलांडण्याचं वाचन वगळायचं नाही. म्हणजे लांबीही आटोक्यात आणता येते. अंधार किती मिनिटं असेल, घंटा कोणत्या गीतात वाजतील, पाणी कोणत्या बाकांपर्यंत येईल, हे आठवडाभर आधी छापावं. आणि गर्दीच्या उपासनेबरोबरच त्याच दिवशी दुपारी आणखी एक, लहान, पूर्ण उजेडातली उपासना ठेवावी. वेळापत्रकात तिच्यापुढे ‘विशेष’ असं काही न लिहिता नुसती ‘दुपारी चारची’ असं लिहावं, ती सगळ्यांना खुली असावी, गायनवृंदातले निम्मे तरी तिथे असावेत, आणि मुख्य पाळकांनी ती स्वतः चालवावी, सहायकावर सोपवू नये.